संकटकाळातलं रेडिओ जाळं: आधी वेळापत्रक, मग वॉकीटॉकी

वीज गेली आहे. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपल्या आणि फोनची रेंज गेली. गटातल्या आठही घरांत चार्ज केलेला वॉकीटॉकी आहे. आता पहिली हाक कोण मारणार? कोणत्या चॅनेलवर? आणि त्या क्षणी बाकीच्या सात घरांतले सेट चालू असतील कशावरून?

या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहिलेली नसतील, तर आठ सेट असूनही आठ घरं एकमेकांपासून तुटलेलीच राहतात. आपत्तीची आधीपासून तयारी करणाऱ्या, म्हणजे प्रेपर मंडळींच्या गटांत बहुतेक चर्चा ‘कुठला सेट घ्यावा’ याभोवती फिरते. सेट लागतोच, पण त्याचा नंबर बराच नंतर येतो. आधी वेळ ठरवायची, मग अंतर मोजायचं, मग चॅनेल आणि मग बोलण्याची रीत. इथे त्याच क्रमाने जाऊ.

वेळ: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग

सेट सतत चालू ठेवला तर बॅटरी संपते. बंद ठेवला तर हाक ऐकू येत नाही. यातून सुटायचा एकच मार्ग म्हणजे ठरलेली वेळ. जगभरच्या प्रेपर गटांत ‘तीन-तीन-तीन’ नावाची पद्धत प्रचलित आहे: दर ३ तासांनी, निदान ३ मिनिटं, चॅनेल ३ वर. १२, ३, ६, ९ असे ठोके धरायचे. आकडे मुद्दाम असे निवडलेत की ताणाखाली, झोपेतून उठूनही ते आठवावेत. चॅनेल तुमच्याकडे ३ नसून दुसरा असला तरी हरकत नाही, ठोके मात्र पक्के हवेत.

तीन मिनिटं हा किमान आकडा आहे. प्रत्यक्षात घड्याळं पुढेमागे असतात, म्हणून ठोक्याच्या दोन मिनिटं आधी सेट लावायचा आणि १५ मिनिटं ऐकायचं. आपत्तीच्या पहिल्या २४ तासांत बातम्या भराभर बदलतात, तेव्हा दर तासाला ऐकणं बरं. त्यानंतर तीन तासांवर यायचं.

याचा बॅटरीवर काय परिणाम होतो ते आकड्यांतच दिसतं. घरात किंवा गाडीत बसवायचा १२ व्होल्टचा सेट नुसता ऐकताना साधारण ०.४ अँपिअर घेतो आणि २५ वॉटवर बोलताना ६ अँपिअर. दिवसभर चालू ठेवला तर ऐकण्यातच जवळपास ९.६ एएच, म्हणजे अँपिअर-तास, जातात. दिवसभरात एकूण २४ मिनिटं बोललात तर त्याचे २.४ एएच. बेरीज १२. आता हाच सेट दिवसातून आठ वेळा १५-१५ मिनिटं लावा. ऐकण्याचे ०.८, बोलण्याचे तेच २.४, एकूण ३.२ एएच. २० एएचच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतले १६ एएच निर्धास्त वापरता येतात, म्हणजे पहिल्या पद्धतीने जेमतेम सव्वा दिवस आणि दुसऱ्या पद्धतीने पाच दिवस. लेड-ॲसिड बॅटरी असेल तर निम्मीच क्षमता धरा. त्याखाली ती वारंवार उतरवली की लवकर मरते.

वेळापत्रकाला जोडून आणखी एक नियम लागतो आणि तो बहुतेक गट लिहीतच नाहीत: एखादं घर ठोक्याला आलंच नाही तर काय? पहिला ठोका चुकला तर नेट, म्हणजे ठोक्याची रेडिओवरची बैठक, चालवणारा नोंद करतो आणि राखीव चॅनेलवर हाक मारतो. दुसरा सलग चुकला तर शेजारच्या घरातून कोणीतरी प्रत्यक्ष पाहायला जातं. कोणत्या घराकडे कोण जाणार, हेही आधीच नावानिशी ठरलेलं हवं. ही तरतूद नसेल तर शांतता ऐकून प्रत्येक जण ‘बॅटरी संपली असेल’ असं म्हणून गप्प बसतो, आणि त्या घरातला माणूस खरोखर अडकलेला असू शकतो.

अंतर: खोक्यावरचे किलोमीटर विसरा

हँडसेटच्या खोक्यावर ३०-४० किलोमीटर लिहिलेलं असतं. ते डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर, मध्ये काहीही नसताना. वॉकीटॉकीच्या लहरी, म्हणजे व्हीएचएफ आणि यूएचएफ, जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीची गोलाई मध्ये आली की संपलं. हे अंतर काढायचं गणित सोपं आहे: दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, दोघांची बेरीज करा, तिला ४.१ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं.

दोघेही जमिनीवर उभे, अँटेना दीड मीटरवर: साधारण १० किलोमीटर. एकाची अँटेना १० मीटरवर नेली: १८. दोघांच्याही १० मीटरवर: २६. हे मोकळ्या सपाट जागेचे आकडे आहेत. दाट वस्तीत हँडसेट ते हँडसेट एक ते तीन किलोमीटरच धरा, आणि काँक्रीटच्या इमारतीच्या आत त्याहूनही कमी.

उंची मिळवणं हा पहिला उपाय, वॉट वाढवणं हा शेवटचा. ५ वॉटवरून ५० वॉटवर गेलात तर समोरच्या सेटवर सिग्नल १० डेसिबलने वाढतो, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या मीटरवर दोन खुणाही (एस-पॉइंट) नाही. मध्ये टेकडी असेल तर ५० वॉटही टेकडीतच जिरतात. जिन्यावरून गच्चीत गेलं की मात्र अनेकदा त्याच ५ वॉटवर बोलणं स्पष्ट होतं.

हँडसेटबरोबर येणारी आखूड रबरी अँटेना सोयीची असते, कार्यक्षम नसते. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास काम करणार असाल तर सेटच्या अँटेना-कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला ४९ सेंटिमीटरची मऊ तार जोडून खाली लोंबू द्या. हँडसेटला जमिनीची जी बाजू मिळत नाही ती या तारेने मिळते आणि फरक लगेच कानाला कळतो.

घरावर कायम बसवायची अँटेना स्वतः करता येते. केबल जोडायचं एसओ-२३९ सॉकेट, दोन मिलिमीटर जाडीची तांब्याची तार, चार स्क्रू-नट, एवढंच सामान. मधल्या पिनला ४९ सेंटिमीटरची उभी तार डाखून घ्या. सॉकेटच्या चार कोपऱ्यांतल्या भोकांना प्रत्येकी ५२ सेंटिमीटरच्या चार तारा स्क्रूने आवळा आणि ४५ अंशांत खाली वाकवा. तारा खाली झुकवल्यामुळे अँटेनेचा रोध केबलच्या ५० ओहमच्या जवळ येतो. एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनेकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारं मोजयंत्र, लावून पाहा. २ च्या खाली असेल तर ठीक. फ्रिक्वेन्सी जशी वर जाते तसा आकडा वाढत असेल तर उभी तार लांब आहे, तीन-तीन मिलिमीटर कापत जा. घाईत जास्त कापली गेली की तार बदलावी लागते, म्हणून सुरुवातीला दोन सेंटिमीटर जास्तच ठेवा.

मग केबल. इथे चांगल्या अँटेनेची मेहनत वाया जाते. बारीक आरजी-५८ केबल १५ मीटर लावली तर १४५ मेगाहर्ट्झवर निम्मी शक्ती केबलमध्येच जिरते. ४४० वर तर जेमतेम पाव वर पोहोचते. तेवढ्याच लांबीची एलएमआर-४०० जातीची जाड केबल ४४० वर तीन चतुर्थांश पोहोचवते. बाहेरच्या प्रत्येक जोडाला स्वतःशीच चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा. कनेक्टरमधून पाणी आत शिरलं की ते जाळीच्या वेणीतून केबलभर चढतं, आणि दोन पावसाळ्यांत केबल बाहेरून नवी, आतून हिरवी होते. वादळ जवळ आलं की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर टाका. ठोका चुकला तरी चालेल.

तीस किलोमीटरच्या पुढे

गट दोन तालुक्यांइतका पसरलेला असेल तर व्हीएचएफ पुरत नाही. उंचावरचा रिपीटर, म्हणजे आलेली हाक पुन्हा प्रसारित करणारं यंत्र, असला तर तो शंभर किलोमीटरही जोडून देतो, पण त्याला वीज लागते. ज्या आपत्तीत तुमची वीज गेली तिच्यात त्याचीही जाण्याची शक्यता असते. म्हणून रिपीटर वापरा, त्यावर विसंबू नका. त्याच्याशेजारी रिपीटरशिवायचा थेट, म्हणजे सिम्प्लेक्स, चॅनेल ठरवून ठेवा.

मधलं अंतर भरून काढायला एचएफ, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झचा पट्टा, आहे, आणि त्यातलीही एक विशिष्ट युक्ती. एचएफचे सिग्नल आकाशातल्या आयनोस्फिअर थरावरून परततात. सर्वसाधारण उंच किंवा उभी अँटेना ते तिरके फेकते. ते हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरतात आणि शेजारचा जिल्हा कोरडाच राहतो. अँटेना मुद्दाम बुटकी आणि आडवी ठेवली की सिग्नल जवळजवळ सरळ वर जातो आणि कारंज्यासारखा चहूबाजूंना खाली पडतो. तीन-चारशे किलोमीटरच्या वर्तुळात, दऱ्याडोंगर असोत, सगळ्यांना ऐकू जातं. याला एनव्हीआयएस म्हणतात.

त्यासाठी साधी डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली आडवी तार, पुरते. एकूण लांबी मीटरमध्ये काढायची तर १४२.६ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१ मेगाहर्ट्झसाठी २० मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मीटर. ३.६ साठी जवळपास ३९.६ मीटर. ७ मेगाहर्ट्झची तार चार ते आठ मीटर उंचीवर बांधली की झालं. दोन झाडं आणि दोरी एवढं पुरतं. मध्यभागी १:१ बालन (केबल आणि तार यांच्यामधला जोड) लावा, नाहीतर केबलची बाहेरची बाजूही अँटेनेसारखी वागते आणि घरातला सगळा विजेचा गोंगाट सेटमध्ये आणते.

दिवसा ७, रात्री ३.५ हा ढोबळ नियम. दिवसा खालचा डी-थर कमी फ्रिक्वेन्सी शोषून घेतो. रात्री तो विरतो, पण वरचा थरही पातळ होतो आणि ७ मेगाहर्ट्झ त्याला भेदून अवकाशात निघून जातं. सूर्य शांत असलेल्या वर्षांत हे दिवसाही घडू शकतं. ठरलेल्या वेळी ७ वर काहीच ऐकू आलं नाही तर पाच मिनिटांनी ३.५ वर जायचं, हे वेळापत्रकातच लिहा. ‘ऐकू येत नसेल तर खाली’ एवढं लक्षात राहिलं तरी काम होतं.

चार वाटा, क्रमाने

लष्करी संदेशवहनातली ‘पेस’ नावाची रीत गटांना फार उपयोगी पडते. नेहमीची वाट, तिला पर्याय, अडचणीतली वाट आणि अगदी शेवटची वाट. चारही आधीच ठरलेल्या. उदाहरणार्थ, पहिली मोबाइलवरचा गट. तो बंद पडला की दुसरी, रिपीटर. रिपीटर गप्प झाला की तिसरी, सिम्प्लेक्स चॅनेल. तेही जमेना तर चौथी, ठरलेल्या जागी चिठ्ठी घेऊन जाणारा माणूस.

पायरी कधी उतरायची याची खूण ठरलेली नसेल तर हा सगळा क्रम निरुपयोगी आहे. ‘मोबाइल ३० मिनिटं सलग बंद असेल तर पुढच्या ठोक्याला रिपीटरवर’ असं स्पष्ट लिहा. तसं नसेल तर अर्धा गट रिपीटरवर वाट पाहत बसतो आणि अर्धा सिम्प्लेक्सवर, आणि दोघांनाही वाटतं की आपण एकटेच उरलो. दुसरी खबरदारी म्हणजे चारही वाटा एकाच गोष्टीवर टेकलेल्या नकोत. व्हॉट्सॲप, साधा फोन आणि इंटरनेटवरून जोडलेला रिपीटर या कागदावर तीन वाटा दिसतात, पण टॉवर पडला की तिन्ही एकदम जातात.

एकच कागद, सगळ्यांकडे तोच

चॅनेलचा कागद पोस्टकार्डाएवढा असावा, प्लास्टिकमध्ये बंद केलेला, सेटला बांधलेला. त्यावर चॅनेलचा नंबर, मेगाहर्ट्झमधली खरी फ्रिक्वेन्सी, टोन आहे की नाही, कशासाठी वापरायचा, ठोक्याच्या वेळा, घरांची हाकेची नावं आणि सर्वांत वर आवृत्तीची तारीख. फ्रिक्वेन्सी लिहायलाच हवी. वेगवेगळ्या सेटमध्ये ‘चॅनेल ५’ म्हणजे वेगवेगळी फ्रिक्वेन्सी असू शकते, आणि सेट रिसेट झाला तर नुसत्या नंबरचा काहीच उपयोग नसतो.

सेट संगणकावरून एकाच फाइलने प्रोग्राम करा. चर्प हे मोफत सॉफ्टवेअर बहुतेक स्वस्त हँडसेटना चालतं. तरीही प्रत्येकाला कीपॅडवरून फ्रिक्वेन्सी भरता आली पाहिजे. आपत्तीत केबल आणि लॅपटॉप शोधत बसायला वेळ नसतो.

‘सेट चालू आहे, तरी ऐकू येत नाही’ या तक्रारीची कारणं ठरावीक असतात. पहिलं कारण टोन. सीटीसीएसएस म्हणजे आवाजाखाली सतत वाजणारा, ६७ ते २५४ हर्ट्झमधला हलका सूर. तुमच्या सेटवर ऐकण्यासाठी टोन लावलेला असेल तर तो सूर नसलेली प्रत्येक हाक सेट गिळून टाकतो. काही खोक्यांवर याला ‘प्रायव्हसी कोड’ म्हणतात आणि लोक फसतात, कारण यात गुप्तता अजिबात नाही. टोन बंद ठेवलेल्या कोणालाही तुमचं सगळं ऐकू जातं. सिम्प्लेक्सवर टोन लावूच नका.

दुसरं कारण ड्युअल वॉच, म्हणजे एकाच वेळी दोन चॅनेल ऐकण्याची सोय. अनेक सेट शेवटी ज्या चॅनेलवर आवाज आला त्याच चॅनेलवर उत्तर पाठवतात. तुम्हाला वाटतं आपण वरच्या चॅनेलवर बोलतोय, आवाज जातोय खालच्या चॅनेलवर. ही सोय बंद करा. तिसरं, रिपीटरसाठी लावलेलं ऑफसेट, म्हणजे बोलण्याच्या आणि ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक, सिम्प्लेक्सवर तसंच राहणं. मग तुम्हाला सगळ्यांचं ऐकू येतं, तुमचं कोणालाच नाही. चौथं, एकाचा सेट रुंद आणि दुसऱ्याचा अरुंद बँडविड्थवर, त्यामुळे आवाज बसका किंवा फाटका येतो. व्हॉक्स, म्हणजे आवाजाने आपोआप चालू होणं, बंदच ठेवा. एका कुत्र्याच्या भुंकण्याने अख्खं चॅनेल अडतं. बोलण्याला वेळेची मर्यादा घालणारा टाइमर मात्र ६० किंवा ९० सेकंदांवर लावा. खिशात बटण दाबलं जाऊन सेट अडकला, तर निदान तो स्वतःच थांबेल.

बोलायची रीत

बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. लगेच बोललात तर पहिला शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द बहुधा कोणाचं तरी नाव असतं. माइक तोंडापासून चार-पाच सेंटिमीटरवर, किंचित आडवा. ओरडू नका, ओरडलं की आवाज फाटतो. आधी ज्याला हाक मारायची त्याचं नाव, मग आपलं:

“टिटवी, टिटवी, इथे गरुड. ऐकू येतंय का? ओव्हर.”

“गरुड, इथे टिटवी. स्पष्ट ऐकू येतंय. सांगा. ओव्हर.”

‘ओव्हर’ म्हणजे आता तुम्ही बोला. ‘आऊट’ म्हणजे संपलं, उत्तर नको. दोन्ही एका वाक्यात येऊ शकत नाहीत. घरांची हाकेची नावं उच्चारताना दोन-तीन तुकडे पडतील अशी (ग-रुड, टिट-वी) आणि एकमेकांपासून वेगळ्या स्वरांची घ्या. गरुड, टिटवी, बुलबुल, मैना चालतील. ‘वड’, ‘साग’ अशी छोटी नावं खरखरीत बुडतात. परवान्याबरोबर मिळालेलं कॉलसाइन, म्हणजे अधिकृत ओळखचिन्ह, असेल तर या नावांबरोबर तेही कायद्याने ठरलेल्या अंतराने सांगावं लागतं.

आता आकडे. मराठीतून रेडिओवर आकडे सांगताना फार चुका होतात, आणि त्याचं कारण भाषेतच आहे. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फक्त एका व्यंजनाचा फरक आहे, आणि खरखरीत नेमकं व्यंजनच आधी हरवतं. ‘आठ’ही त्याच स्वराचा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांचा पहिला अर्धा भाग सारखाच. बेचाळीस आणि बावीस घाईत एकसारखे वाटतात. म्हणून नियम पक्का: प्रत्येक अंक सुटा. ५९ म्हणजे ‘पाच, नऊ’. १६० म्हणजे ‘एक, सहा, शून्य’. दशांशाला ‘पॉइंट’. औषधाची मात्रा, घरांची संख्या, वेळ सांगितली की ‘पुन्हा सांगतो’ म्हणून दुसऱ्यांदा सांगायची आणि ऐकणाऱ्याने ती परत वाचून दाखवायची. इंग्रजी अक्षरं सांगावी लागली तर १९५६ पासून जगभर चालत आलेली अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही वर्णमाला वापरा. मनाने शब्द शोधू नका.

महत्त्वाचा निरोप बटण दाबण्याआधी कागदावर लिहा. कोणाकडून, कोणाला, किती वाजता, किती तातडीचा, आणि मजकूर २५ शब्दांच्या आत. शब्द मोजून तो आकडाही पाठवा. घेणाऱ्याचे शब्द कमी भरले तर काहीतरी सुटलंय हे तिथल्या तिथे कळतं. निरोप दोन-तीन तोंडांतून जाणार असेल तर लिहिल्याशिवाय देऊच नये. तोंडी निरोपात ‘दोन जण जखमी’चे ‘दोन जण गेले’ व्हायला एक टप्पा पुरतो.

नेट चालवणारा

पाचपेक्षा जास्त सेट एका चॅनेलवर आले की कोणीतरी एकाने सूत्रं हातात घ्यावी लागतात. त्याला नेट कंट्रोल म्हणतात. हे पद गटाच्या प्रमुखाकडे असण्याची गरज नाही, किंबहुना नसावंच. प्रमुख निर्णय घेण्यात गुंतलेला असतो. ज्याला सगळे ऐकू येतात, ज्याची अँटेना उंच आहे आणि जो शांतपणे बोलतो, त्याने हे करावं.

काम असं चालतं. ठोक्याला नेट कंट्रोल नेट उघडतो आणि आधी विचारतो, “तातडीचा निरोप आहे का? ओव्हर.” १० सेकंद शांत राहतो. मग यादीतल्या क्रमाने एकेका घराला हाक मारतो. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: सगळे ठीक आहेत का, निरोप आहे का, बॅटरी किती. यादी संपली की एका घराचा निरोप नेमक्या दुसऱ्या घराला देण्यासाठी त्या दोघांना राखीव चॅनेलवर पाठवतो आणि मुख्य चॅनेल मोकळं ठेवतो. शेवटी नेट बंद झाल्याचं सांगतो. आठ घरांचं नेट सात-आठ मिनिटांत आटोपलं पाहिजे. त्याहून लांबलं तर मध्ये गप्पा शिरल्यात.

सोबत एकाने वहीत लिहीत राहायचं: वेळ, कोण, कोणाला, काय. नेट कंट्रोलचा बदली आणि बदलीचा बदली ठरलेला हवा. ठोक्यानंतर पाच मिनिटं मुख्य माणसाचा आवाज आला नाही तर बदलीने न विचारता नेट उघडायचं. आणि ज्या घराचा आवाज नेट कंट्रोलपर्यंत पोहोचत नाही, त्याच्यासाठी मधलं घर रिले म्हणून नेमायचं. हे मधलं घर सरावात शोधायचं.

परवाना आणि कान

परवान्याविना चालणारे सेट देशोदेशी वेगळे आहेत. युरोपात ४४६ मेगाहर्ट्झवर अर्धा वॉट आणि न बदलता येणारी अँटेना. अमेरिकेत एफआरएस नावाच्या सेवेत कमाल २ वॉट. शिवाय अनेक देशांत २७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड. एका देशात मुभा असलेला सेट दुसऱ्या देशात बेकायदा असू शकतो, म्हणून आपल्या देशाचा नियम पाहूनच घ्या. हॅम बँडसाठी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सींसाठी, परीक्षा देऊन परवाना लागतो. संकटात सापडलेल्या स्टेशनला लक्ष वेधून घेण्यासाठी मिळेल ते रेडिओ साधन वापरता येतं, अशी तरतूद आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत आहे. पण तिच्या भरवशावर परवाना टाळणाऱ्याला कधी सरावच करता येत नाही, आणि सराव नसलेल्या हातात सेट म्हणजे नुसता डबा. गटातल्या निदान तिघांनी परवाना काढावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रेडिओवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. हॅम बँडवर अर्थ लपवणारी सांकेतिक भाषा बहुतेक देशांत मना आहे. म्हणून साठा किती, घरात कोण एकटं आहे, रोकड कुठे, हे हवेत कधीच बोलायचं नाही. ते निरोप चालत जाऊन द्यायचे.

बोलण्याइतकंच ऐकण्याचं काम वाटून द्या. एकाने एएम आणि शॉर्टवेव्हचा छोटा रेडिओ सांभाळायचा. रात्री एएमची दूरची केंद्रंही ऐकू येतात, आणि आपला भाग अंधारात असला तरी बाहेरची बातमी मिळते.

मेश आणि डिजिटल

लोरा या कमी शक्तीत दूर पोहोचणाऱ्या रेडिओ तंत्रावर चालणारे मेशटास्टिकचे छोटे नोड सध्या लोकप्रिय आहेत. ते मजकूर एकाकडून दुसऱ्याकडे पुढे ढकलतात, वीज फार कमी घेतात आणि निरोप सांकेतिक करून पाठवतात. आवाज नेता येत नाही. निरोपाची मर्यादा दोनशेहून थोड्या जास्त बाइटची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे मराठीत ७०-७५ चिन्हांत निरोप बसवावा लागतो. छोटी वाक्यं आधीच ठरवून ठेवा. एक नोड उंचावर सौर पॅनेलसह बसवला तर बाकीच्या घरांचं काम फार हलकं होतं.

एचएफवर जेएस८कॉल हे संगणकावरचं सॉफ्टवेअर कानाला ऐकू न येणाऱ्या कमजोर सिग्नलमधूनही मजकूर काढतं, पण संगणकांची घड्याळं दोन सेकंदांच्या आत जुळलेली हवीत. आवाजी नेट नीट चालल्याशिवाय इकडे वळू नका.

सराव

महिन्यातून एकदा ठोक्याला नेट. तीन महिन्यांतून एकदा घराची मुख्य वीज बंद करून, फक्त बॅटरीवर, २४ तास. या सरावात सौर पॅनेलच्या चार्जरमुळे एचएफवर खरखर येते का हेही कळतं. येत असेल तर ठोक्यापुरता चार्जर काढून ठेवायचा. वर्षातून एकदा हँडसेट घेऊन सगळ्या वाटा चालून पाहा आणि नकाशावर प्रत्येक जागी आवाज किती स्पष्ट हे १ ते ५ मध्ये लिहा. जिथे १ आणि २ येतात तिथे रिले कोण, हे तिथेच ठरतं.

दर सरावात एक २५ शब्दांचा निरोप, त्यात चार आकडे आणि एक पत्ता घालून, पहिल्या घरातून शेवटच्या घरापर्यंत रिलेने पाठवा. दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथे शब्द बदलला त्या टप्प्यावर पुढच्या महिन्यात जास्त सराव. बाकीच्यांना न सांगता नेट कंट्रोलला एकदा गैरहजर ठेवा आणि बदली पाच मिनिटांत उठतो का पाहा.

हँडसेटच्या लिथियम बॅटऱ्या कपाटात पूर्ण भरून ठेवल्या की लवकर म्हाताऱ्या होतात. राखीव बॅटऱ्या निम्म्या चार्जवर, थंड कोरड्या जागी ठेवा, दर तीन महिन्यांनी तपासा, आणि वादळाचा इशारा आला की त्याच दिवशी पूर्ण भरा. चॅनेलचा कागद बदलला तर जुनी प्रत हातोहात परत घेऊन फाडायची आणि मगच नवी द्यायची. मागच्या वर्षीचा कागद घेऊन बसलेलं घर पुढच्या ठोक्याला भलत्याच चॅनेलवर हाका मारत राहील.